फितूर कोणाला म्हणावे?

मागच्या पेसाहच्या सुट्टीत माझी बारा वर्षांची नात माझ्याकडे राहायला आली होती. शाळेच्या वाचनालयातून आणलेले एक पुस्तक तिने अर्धे वाचून सोफ्यावर पालथे टाकले होते. मी विचारले, "का ग, आवडले नाही?" ती म्हणाली, "साव्ता, पुस्तक छान आहे, पण ह्यातला इंग्रज हे कसले हिब्रू बोलतो? असे कोणी बोलते का?" मी चष्मा लावला आणि दोन पाने वाचली. त्या इंग्रजाचे हिब्रू मला एका दमात समजले. समजायलाच हवे होते. १९६८ साली मी मुंबईहून ह्या देशात उतरले, तेव्हा माझे हिब्रू अगदी तसेच होते.

पुस्तकाचे नाव 'पंतेर बा-मारतेफ', म्हणजे 'तळघरातला बिबट्या'. लेखक अमोस ओझ. कादंबरी १९९५ साली निघाली. निकोलस द लांज ह्यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवादही मिळतो, आणि २००७ साली तिच्यावर एक चित्रपटही निघाला. पुस्तक लहानसे आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. तीस वर्षे जुन्या पुस्तकावर आता लिहायचे कशाला, असे कोणी विचारील. मी एवढेच म्हणेन की आपल्या पिढीच्या पोटात एक प्रश्न बसलेला आहे, आपण तो एकमेकांना कधी विचारत नाही, आणि ह्या पुस्तकाने तो एका बारा वर्षांच्या मुलाकडून विचारून घेतला आहे.

आधी कथा थोडक्यात सांगते. काळ १९४७ चा उन्हाळा, जागा यरुशलेममधली तेल अर्झा ही वस्ती. ब्रिटिश मँडेटचे शेवटचे महिने चालले आहेत आणि रात्री संचारबंदी असते. मुलगा बारा वर्षे आणि तीन महिन्यांचा आहे. त्याला शब्दांचे वेड, म्हणून सगळे त्याला 'प्रोफी' म्हणतात, म्हणजे छोटा प्रोफेसर. बेन हूर आणि चिता रेझनिक हे त्याचे दोन मित्र. तिघांनी मिळून एक गुप्त संघटना काढली आहे आणि मोडक्यातोडक्या सामानातून रॉकेट बनवून ते थेट लंडनच्या राजवाड्यावर सोडायचे, असा त्यांचा बेत आहे. आपण हसतो, पण मुले अजिबात हसत नाहीत.

एके दिवशी प्रोफीला घरी परतायला उशीर होतो, संचारबंदी सुरू होते आणि तो एका ब्रिटिश सैनिकाच्या हाती सापडतो. हा सार्जंट डनलॉप. गलेलठ्ठ, जरा चाललं की दम लागणारा, काहीसा वेंधळा. तो मुलाला पकडून नेत नाही, घरी पोचवतो. वाटेत तो हिब्रूत बोलू लागतो, आणि ते हिब्रू तनाखातले असते. पुढे दोघांचे ठरते की मुलाने त्याला आजचे हिब्रू शिकवायचे आणि त्याने मुलाला इंग्रजी. एका कॅफेत दोघे भेटू लागतात. मित्रांना सुगावा लागतो. प्रोफीच्या घराच्या भिंतीवर तो फितूर असल्याचे रंगवले जाते, आणि मग झाडीत नेऊन त्याच्यावर रीतसर खटला चालवतात. आरोप एकच, की तू शत्रूवर प्रेम करतोस.

हा पोरखेळ आहे असे समजून पुस्तक मिटू नका. तो काळ आठवा. जुलै १९४६ मध्ये किंग डेव्हिड हॉटेल उडवले गेले आणि ९१ माणसे मेली. पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस अक्कोच्या तुरुंगात ब्रिटिशांनी भूमिगत चळवळीतल्या तिघांना फाशी दिले आणि त्याच्या बदल्यात नेतन्याजवळ दोन ब्रिटिश सार्जंटांना फासावर लटकावण्यात आले. त्याच उन्हाळ्यात एक ज्यू मुलगा एका सार्जंटाबरोबर बसून धडे गिरवतो आहे. मुलांचा खटला खोटा असला तरी त्यांच्याभोवतीचे जग खरे होते, आणि त्या जगात ह्याच आरोपावरून मोठ्या माणसांचे प्राण जात होते.

कादंबरीची पहिली मोठी गोष्ट म्हणजे तीत कोणीही सरळसोट दुष्ट नाही. ब्रिटिश सैनिक घराची झडती घ्यायला येतात. प्रोफीच्या बापाने पुस्तकांच्या कपाटात भूमिगतांचे एक पुडके लपवलेले आहे आणि मुलाला ते ठाऊक आहे. अशा प्रसंगात हलका लेखक सैनिकांना गुरासारखे वागवील. ओझ तसे करत नाहीत. झडती घेणारा अधिकारी सभ्य आहे, त्याला पुस्तकांची आवड आहे, आणि बापालाही आपली पुस्तके दाखवण्याचा मोह आवरत नाही. वाचताना आपला श्वास अडकतो. तो क्रूरपणामुळे अडकत नाही, समोरचा माणूस चांगला निघाल्यामुळे अडकतो. चांगल्या शत्रूशी कसे वागायचे, हे कुठल्याच संघटनेच्या नियमात लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. इथे मला शिक्षिका म्हणून थोडे जास्त बोलू द्या. डनलॉपचे हिब्रू विनोदी आहे, पण ओझ त्याची टर उडवत नाहीत. हा माणूस एका ग्रंथाच्या प्रेमात पडला आणि त्या ग्रंथाची भाषा घेऊन जिवंत माणसांत आला. बाजारात, रस्त्यावर, पोराशी बोलताना तो राजे आणि संदेष्टे बोलतील तसे बोलतो. माझ्या नातीला ते विचित्र वाटले, कारण तिची मातृभाषाच हिब्रू आहे. मला त्यात मी दिसले. हिब्रूत 'मी' ह्या अर्थाचे दोन शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात 'अनी', आणि तनाखात पुष्कळ ठिकाणी 'अनोखी'. दहा आज्ञांची सुरुवातच त्या शब्दाने होते. मी सिद्दूर आणि तोरा वाचून आलेली मुलगी. बेर शेव्याच्या बसमध्ये मी ड्रायव्हरला मोठ्या तोऱ्यात सांगितले की 'अनोखी' अमक्या रस्त्याला उतरू इच्छिते. सारी बस हसली. त्यांना काय ठाऊक की आमच्या बोलीत अनोखी म्हणजे जगावेगळी, आणि त्या दिवशी मी खरोखरच तशी होते!

तेव्हा मला रडू आले होते. पुढे मी स्वतः इथल्या मुलांना इंग्रजी शिकवू लागले तेव्हा समजले की शिकणाऱ्याची चूक ही अब्रूची गोष्ट असते. दुसऱ्याच्या भाषेत चुकायला धाडस लागते. प्रोफी डनलॉपच्या चुका सुधारतो, तेव्हा तो नकळत त्याचा मान राखायला शिकतो. मुलगा मोठा होतो तो त्या रॉकेटाने नाही, ह्या धड्यांनी होतो, हे ओझ कुठे सांगत बसत नाहीत. ते आपणच पाहायचे.

ब्रिटिश माणूस आणि हिब्रू हा योग आपल्या समाजाला नवा नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आला. गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज त्याच्याच नावाचे. १८३२ साली त्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते आपल्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून. त्याचा हेतू उघड होता, त्याला बेने इस्राएलांना ख्रिस्ती करायचे होते. आपल्या पूर्वजांनी काय केले? त्याच्याकडून हिब्रू शिकून घेतले, मुले त्याच्या शाळांत पाठवली, आणि धर्म आपला ठेवला. त्यांतले फारच थोडे तिकडे गेले. प्रोफीच्या मित्रांच्या न्यायाने पाहिले तर ते सगळे फितूर ठरतात, कारण त्यांनी परक्याच्या बाकावर बसून विद्या घेतली. आणि ती घेतली नसती, तर पुढे कित्येक घरांत तेफिलाचे पुस्तक समजून वाचणारा माणूस निघाला नसता.

आता तो शब्दच पाहू. हिब्रूत 'बोगेद'. त्याची तीन अक्षरे आणि 'बेगेद' म्हणजे वस्त्र ह्या शब्दाची तीन अक्षरे एकच आहेत. जणू वस्त्र बदलावे तशी निष्ठा बदलणारा. मराठीत आपल्याकडे शब्द भरपूर आहेत. गद्दार म्हटले की शिवी होते, देशद्रोही म्हटले की कायदा येतो, विश्वासघातकी म्हटले की घरातली गोष्ट होते. 'बोगेद'साठी मी 'फितूर' निवडला, कारण शाळेत इतिहासाच्या तासाला आपण तोच ऐकला. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा तो फितूर, आणि त्या माणसाबद्दल वर्गात एकही प्रश्न विचारला जात नसे. ओझ नेमका तोच प्रश्न विचारतात. दरवाजा उघडून देणे ही फितुरी, हे कबूल. पण दरवाजापलीकडच्या माणसाशी बोलणे ही सुद्धा फितुरीच का?

कादंबरीत ह्याचे उत्तर प्रोफीची आई देते. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा, की जो प्रेम करतो त्याला फितूर म्हणता येत नाही. बापाला हे पटत नाही. तो तर्काने चालणारा माणूस आहे, त्याच्या मते निष्ठा ही व्याख्येची बाब आहे. मुलगा दोघांच्या मध्ये. लेखकाने निकाल दिलेला नाही, आणि हे मला फार आवडले. आईचे म्हणणे गोड आहे, पण पुरते खरे आहे का? प्रेमाने आंधळी होऊन घात करणारी माणसे आपण पाहिली आहेत. तरी ते वाक्य मुलाच्या मनात राहते आणि म्हातारपणापर्यंत पुरते.

माझ्याही मनात असे एक वाक्य राहिलेले आहे. ते सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. माझे मामा मुंबईत सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आम्ही निघालो तेव्हा ते सांताक्रूझच्या विमानतळावर आले नाहीत. आदल्या रात्री आईला एवढेच म्हणाले, "ताई, ह्या देशात आपल्याला कधी कोणी बोटसुद्धा लावले नाही. खाल्ल्या मिठाला जागावे." आई काही बोलली नाही. इथे आल्यावर तिने दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. पुढे तिनेही लिहिणे सोडले. दहा-बारा वर्षांनी मामा वारले ते आम्हाला तिसऱ्याकडून कळले. आपल्यापैकी किती घरांत असे एखादे वाक्य पडून आहे, मला ठाऊक नाही. पोलंडहून, इराकहून आलेल्यांना असे कोणी म्हणू शकत नव्हते. त्यांना तिथून जावेच लागले. आपल्याला कोणी घालवले नव्हते. आपण आपल्या पायांनी, आपल्या प्रार्थनेतल्या शब्दांमागे आलो, आणि म्हणूनच तो प्रश्न आपल्याला अधिक बोचतो.

इथे आल्यावर दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न आला. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे एका सहकारी बाईने मला मायेनेच सल्ला दिला, की घरी मुलांशी मराठी बोलू नका, आता इथल्या झालात तर तिथले सोडा. म्हणजे मामांच्या लेखी मी तिकडची फितूर, आणि बाईंच्या लेखी मराठी बोलले तर इकडची. मध्ये उभे राहून मी दोन्हीकडे आरोपीच!

माझे वडील १९४७ ची एक आठवण सांगत. पंधरा ऑगस्टच्या रात्री ते कचेरीतल्या मित्रांबरोबर फोर्टातली रोषणाई पाहायला गेले होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. मग २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीवर मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३३, विरुद्ध १३, तटस्थ १०. विरुद्ध मतांत एक भारताचे होते. बाबा म्हणत, सोमवारी कचेरीत कोणी एका शब्दाने काही बोलले नाही, पण मलाच उगाच चोरट्यासारखे वाटत राहिले. तीन महिन्यांपूर्वी ज्या देशासाठी घसा बसवला, त्याचे मत वाईट वाटून घ्यावे, तर आपण कोणाचे? यरुशलेमच्या एका गल्लीतला तो मुलगा आणि मुंबईतला माझा बाप एकाच वर्षी एकाच प्रश्नापाशी उभे होते, आणि दोघांनाही उत्तर देणारे कोणी नव्हते.

आता पुस्तकातल्या उणिवा. बाईंच्या हातात लाल पेन्सिल असतेच, ती इतक्या वर्षांनीही सुटत नाही.

पहिली अशी, की कथा मोठेपणी मागे वळून सांगितलेली आहे, आणि कधीकधी मोठ्या माणसाचे शहाणपण मुलाच्या तोंडी येते. बारा वर्षांचा मुलगा हुशार असतो, पण इतका नेमका नसतो. मी चाळीस वर्षे त्या वयाची मुले पाहिली आहेत.

दुसरी यार्देनाबद्दल. ही बेन हूरची थोरली बहीण, क्लॅरिनेट वाजवते. प्रोफीचे तिच्याकडे पाहणे, त्याची लाज, त्याचा अपराधीपणा हे सारे लेखकाने संयमाने लिहिले आहे. त्या वयाच्या मुलाच्या मनात काय चालते ते लपवलेले नाही आणि चघळलेलेही नाही. आईवडील बाहेरगावी असताना ती त्याच्याकडे राहायला येते, स्वयंपाक करते, तो भाग वाचायला गोड आहे. पण ती मुलाच्या स्वप्नातली मुलगी राहते. तिला स्वतःला काय हवे होते, ते आपल्याला फारसे कळत नाही.

तिसरी बेन हूरबद्दल. तो कठोर आहे, हुकूम सोडतो, पण तो तसा का झाला, हे लेखक सांगत नाहीत. फितुरीचा आरोप करणाऱ्याच्या मनात काय भीती असते, हे कळले असते तर खटला दोन्ही बाजूंनी उभा राहिला असता. माझे मामा कठोर नव्हते. त्यांना एकटे पडण्याची भीती वाटत होती, हे मला फार उशिरा उमगले. आरोप करणाऱ्याला समजून घेणे हे आरोपीला समजून घेण्याइतकेच गरजेचे असते, आणि तिथे हे पुस्तक थोडे कमी पडते.

चौथी उणीव म्हणावी की मर्यादा, ते तुम्ही ठरवा. ह्या पुस्तकातले यरुशलेम युरोपातून आलेल्यांचे आहे. त्याच शहरातले अरब शेजारी कथेच्या कडेला राहतात, आणि पूर्वेकडून आलेली आपल्यासारखी माणसे मला तरी त्यात कुठे भेटली नाहीत. ओझ ह्यांनी आपली गल्ली लिहिली. आपली गल्ली लिहिणे हे त्यांचे काम नव्हते.

अमोस ओझ ह्यांचे राजकारण आपल्यापैकी पुष्कळांना मान्य नव्हते, हे मी जाणून आहे. १९७८ साली निघालेल्या 'शालोम अख्शाव' चळवळीत ते पहिल्यापासून होते, आणि त्यासाठी त्यांना स्वतःलाही 'बोगेद' म्हटले गेले. २०१४ साली त्यांनी यहूदा इश-क्रायोत, म्हणजे ख्रिस्ताचा घात करणारा म्हणून जगाने ज्याला शिव्या दिल्या, त्याच्यावरून एक मोठी कादंबरी लिहिली. २०१८ च्या डिसेंबरात ते वारले. हा शब्द आयुष्यभर त्यांच्या मागे लागला होता असे दिसते. त्यांची मते तुम्ही दाराबाहेर ठेवा आणि हे पुस्तक आत घ्या. त्यात मतांचा प्रचार नाही. मलाही त्यांची सगळी मते पटत नव्हती, आणि तरी त्यांचे पुस्तक मला माझ्या मामांकडे घेऊन गेले.

एक गोष्ट मात्र वाचून संपवल्यावर सलत राहिली. आपल्यातही त्या वयाची मुले होतीच. कोणी बारा-तेरा वर्षांची इथे येऊन माबारात राहिली, कोणी बेर शेव्याला, दिमोनाला वाढली. १९५१-५२ साली 'आम्हाला परत भारतात पाठवा' म्हणून मोठी माणसे धरणे धरून बसली, तेव्हा ती शेजारी बसून काय विचार करत होती? १९६२ ते १९६४ आपल्या लग्नांवर शंका घेतली गेली, आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतला त्यात लक्ष घालावे लागले. तेव्हा जी मुलगी वयात येत होती, तिला शाळेतल्या मैत्रिणींनी काय विचारले? ह्यावर भाषणे झाली, लेख झाले, प्रबंध झाले. मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेली कादंबरी मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. ती मुले आता सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणजे हा अंक हातात धरून बसलेली आहेत. कादंबरी नाही तर नाही, दोन पाने तरी लिहा. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, दोन्ही मिसळून लिहा. शुद्धलेखन मी तपासून देईन.

पेसाह संपताना नातीने पुस्तक पुरे केले. मला म्हणाली, "साव्ता, मग तो बोगेद होता की नव्हता?" मी तिला मामांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारले, "त्यांची मुले आहेत का?" आहेत. मामांची मुलगी ठाण्याला असते. त्याच आठवड्यात मी तिला पत्र लिहिले, हाताने, मराठीत. उत्तर आले आहे. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही.

पुस्तक जरूर मिळवा. हिब्रू सोपे आहे, अक्षरांखाली निकूद नसले तरी अडत नाही. डोळ्यांना त्रास होत असेल तर नातवंडांना जवळ बसवून वाचून घ्या. डनलॉपचे बोलणे आले की मात्र पुस्तक स्वतःकडे घ्या. तेवढे त्यांच्यापेक्षा आपल्याला चांगले वाचता येते.